पिल्लू तोंड फिरवतंय? आधी भरवणं थांबवा

पत्र

आम्ही ऐरोलीला राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने वर्षभर पैसे साठवले, त्यात आम्ही भर घातली आणि गेल्या शनिवारी सन कॉन्युअर पोपटाचं पिल्लू घरी आणलं. दुकानदार म्हणाला, पाच आठवड्यांचं आहे, हाताने भरवलंत तर जन्मभर खांद्यावर बसेल. फॉर्म्युल्याची, म्हणजे पिल्लांच्या तयार खाद्याची पावडर आणि सिरिंज त्यानेच दिली. पहिले दोन दिवस पिल्लाने छान खाल्लं. परवापासून मात्र सिरिंज दिसली की मान फिरवतं, तोंडात गेलेलंही झटकून टाकतं. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसून राहतं. काल रात्री थोडंसं गेलं, पण आज सकाळी बघते तर गळ्याखालचा फुगा तसाच. शी पाण्यासारखी, हिरवट. सासूबाई म्हणतात, दुधात बिस्कीट भिजवून द्या. शेजारचे म्हणतात, चोच उघडून सिरिंजने आत सोडा, उपाशी राहिलं तर मरेल. मुलगा शाळेत जायला तयार नाही, त्याला वाटतंय त्याचंच काहीतरी चुकलं. बळजबरीने भरवू का? की आमचा लळाच लागला नाही म्हणून ते खात नसेल?

– एक वाचक, ऐरोली

उत्तर

ताई, बळजबरीने अजिबात भरवू नका. रात्रीचा फुगा सकाळीही तसाच आहे, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. पिल्लू हट्ट करत नाहीये आणि तुमच्यावर नाराजही नाही. त्याच्या गळ्याखालची पिशवी पुढे रिकामी होत नाहीये, आणि भरल्या पिशवीवर आणखी घेणं त्याला झेपणार नाही. मान फिरवून ते स्वतःला वाचवतंय. त्याला आजच्या आज पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. पुढचं वाचण्याआधी एक फोन करून वेळ घ्या. डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत काय करायचं आणि त्यानंतरचे दिवस कसे काढायचे, ते मी खाली सविस्तर लिहिते.

त्या फुग्याला पक्षी पाळणारे क्रॉप म्हणतात. पोपटाने खाल्लेलं सरळ पोटात जात नाही. ते आधी या पिशवीत साठतं, मऊ होतं आणि थोडं थोडं खाली सरकतं. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाची भरलेली पिशवी साधारण चार ते सहा तासांत रिकामी व्हायला हवी, आणि रात्रीच्या मोठ्या खंडानंतर सकाळी तर ती पूर्ण सपाट, सैल दिसायला हवी. पिल्लाला थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं किंवा आत संसर्ग झाला, की पिशवीची हालचाल मंदावते. पोपटाच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त असते, साधारण ४० ते ४१ अंश सेल्सिअस. त्या उबेत अडकलेलं अन्न आंबायला वेळ लागत नाही. एरवी आतड्यात थोड्याच प्रमाणात असणारी कॅन्डिडा नावाची बुरशी मग फोफावते, त्याने पिशवी आणखी मंदावते, आणि हे चक्र फिरत राहतं. आता वरून कितीही चांगला, ताजा फॉर्म्युला घातला तरी तो त्या आंबलेल्यातच जाऊन मिसळणार.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी ऊब, मग पाणी, सगळ्यात शेवटी अन्न. गार पडलेल्या पिल्लाला कधीच भरवायचं नाही, कारण अंग गार असताना पचनच चालत नाही. खात नाही म्हणून घाबरून आपण नेमकं उलट करतो, आधी अन्नाच्या मागे लागतो. बहुतेक पिल्लं तिथेच हातची जातात.

ऊब कशी द्यायची ते सांगते. बाहेर घामाच्या धारा लागल्या असल्या तरी घरातल्या एसीत किंवा पंख्याखाली पिल्लू गारठतं. पाच आठवड्यांच्या पिल्लाची पिसं अजून पुरती उघडलेली नसतात, आणि आजारी पिल्लाला तर निरोगी पिल्लापेक्षा जास्त ऊब लागते. बुटांच्या खोक्याएवढं एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या. तळाला जुन्या सुती कपड्याची घडी घाला. लाकडाचा भुसा नको, पिल्लू तो गिळतं आणि पिशवीत अडकतो. नुसता गुळगुळीत कागदही नको, त्यावर पाय फाकतात. खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची पिशवी किंवा स्टीलची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे नकोसं झालं तर पिल्लाला सरकता येईल. आत पिल्लाच्या उंचीवर साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि तापमान २९ ते ३२ अंशांच्या मध्ये राहील असं बघा. पाणी निवलं की बदला. पिल्लू पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी टाकून धापा टाकायला लागलं तर फार गरम झालंय. आक्रसून थरथरत असेल, पाय हाताला गार लागत असतील तर ऊब कमी पडतेय. बल्ब लावून वर चादर टाकायचा प्रकार कृपा करून करू नका, त्याने आगी लागतात.

हे खोकं स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्यातून जो धूर निघतो त्याचा आपल्याला वासही येत नाही, पण पक्षी त्याने काही मिनिटांत मरू शकतो. डासांची कॉइल, मच्छर मारायचं मशीन, उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, हे सगळं पिल्लाच्या खोलीतून आजच हलवा. खाडी जवळ असल्याने ऐरोलीत डासांचा त्रास किती असतो याची मला कल्पना आहे. खिडकीला जाळी लावा, खोक्यावर पातळ मच्छरदाणी टाका.

पिल्लू उबेत थोडं सावरलं की त्याला उजेडात हळुवार हातात घेऊन बघा. पिशवीला दोन बोटांनी अलगद स्पर्श करा. आत मऊ पातळ लागतंय, की मळलेल्या पिठागत घट्ट, की नुसती हवा भरलीय? तोंडाला आंबूस वास येतोय का? जिभेवर, टाळ्याला पांढरे डाग किंवा साय धरल्यासारखं काही दिसतंय का? पोटावरची कातडी बघा. निरोगी पिल्लाची गुलाबीसर आणि लवचीक असते. अंगातलं पाणी कमी झालं की ती लालभडक, सुरकुतलेली दिसते आणि तोंडातली लाळ तारेसारखी चिकट होते. हे सगळं बघून डॉक्टरांना सांगायचंय, स्वतः उपाय करायचा नाही. पिशवी चोळून, दाबून रिकामी करू नका. पिल्लाला उलटं धरून आतलं बाहेर काढायचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, तसं चुकूनही करू नका. वर आलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू हातातच गुदमरतं.

पाण्याचं म्हणाल तर पिल्लू उबदार असेल, मान धरत असेल आणि स्वतःहून गिळत असेल, तरच उकळून कोमट केलेल्या पाण्याचे चार-दोन थेंब चोचीच्या कडेला लावा. ते चाटून गिळेल तेवढंच. पिशवी तट्ट भरलेली असेल किंवा पिल्लू गळून पडलं असेल तर तेही नको. त्याला पाणी कातडीखालून द्यावं लागेल आणि ते काम डॉक्टरांचं आहे.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल. तुम्ही तो अजून मानला नसेल तर फार बरं झालं. पोपटाच्या पिल्लाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. पिल्लू भुकेने मान वर-खाली हलवत स्वतः घटाघटा गिळतं, तेव्हा ते तोंड बंद राहतं आणि अन्न अन्ननलिकेतून पिशवीत उतरतं. पिल्लाने मान हलवणं सोडलं असेल आणि आपण बाहेरून ढकललं, तर तेच अन्न फुप्फुसात जातं. मग चोच उघडी टाकून श्वास घेणं, श्वासागणिक शेपूट वर-खाली होणं, श्वासाबरोबर टकटक आवाज येणं, नाकातून फॉर्म्युला बाहेर येणं ही लक्षणं दिसतात. त्यातून वाचणारी पिल्लं थोडी. ‘उपाशी राहिलं तर मरेल’ हे शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, एवढ्याशा जिवाला फार वेळ उपाशी ठेवता येत नाहीच. पण म्हणून तर डॉक्टरांकडे आजच जायचं. त्यांना नळी थेट पिशवीत घालून भरवता येतं. ती नळी कशी घालायची हे शिकलेल्या माणसानेच ते करावं, मोबाईलवर बघून घरी करू नये.

सासूबाईंचा जीव तुटतोय म्हणून त्या दूध-बिस्कीट सुचवतायत. त्यांना माझ्याकडून सांगा की माणसाच्या बाळाला जे चालतं ते पक्ष्याला चालत नाही. पक्षी पिल्लांना दूध पाजत नाहीत आणि दुधातली साखर पचवायची सोय त्यांच्या पोटात नसते. त्याने जुलाब होतात. बिस्किटातली साखर तर त्या बुरशीचं खाद्यच. वरणाचं पाणी, मध, हळद, आल्याचा रस, खायचा सोडा, घरातल्या कुणाची उरलेली अँटिबायोटिकची बाटली, यातलं काहीही नको. सासूबाईंना काही करायचंच असेल तर खोक्यातलं गरम पाणी बदलायचं काम त्यांच्याकडे द्या. आज त्याच कामाने पिल्लाचा जीव तगणार आहे.

डॉक्टर शोधताना एक लक्षात घ्या. ठाणे-नवी मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण पक्षी, त्यातही भरवायची पिल्लं नीट तपासणारे मोजकेच. म्हणून थेट जाऊ नका. फोनवर सरळ विचारा, ‘पोपटाचं पिल्लू आहे, हातावर भरवतोय, रात्रीपासून क्रॉप रिकामा झालेला नाही, आज बघाल का?’ समोरून ‘उद्या आणा’ आलं तर दुसरा नंबर लावा. जवळ कुणीच मिळालं नाही तर परळ गाठा. तिथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं जुनं रुग्णालय आहे आणि त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. बाह्यरुग्ण विभागाची वेळ आधी फोनवर विचारून निघा. ऐरोली पुलावरून मुलुंडला बाहेर पडून पूर्व द्रुतगती मार्गाने गाडीने गेलात तर बरं, लोकलची गर्दी आणि खडखडाट या पिल्लाला सोसणार नाही. गाडीत एसी बंद ठेवा. खोक्यात गरम बाटली, वर हवा जाईल असं पातळ कापड. वाटेत दहा वेळा उघडून बघू नका, दर वेळी ऊब निघून जाते.

सोबत फॉर्म्युल्याचं पाकीट न्या. ताज्या शीचा फोटो काढून ठेवा. पोपटाच्या शीत तीन भाग असतात, घट्ट हिरवट भाग, पांढरा भाग आणि पाणी. पांढऱ्या भागाला पिवळट-हिरवा रंग आला असेल तर ते आवर्जून दाखवा. पिल्लू कधी आणलं, शेवटचं स्वतःहून कधी खाल्लं, एका वेळी किती मिली देत होता, पाणी किती गरम घेत होता, हे एका कागदावर लिहून न्या. घाईत आठवत नाही. डॉक्टर बहुधा तोंडातला आणि पिशवीतला नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, गरज वाटली तर पिशवी धुऊन रिकामी करतील, कातडीखालून सलाइन देतील आणि बुरशी आहे की जिवाणू त्याप्रमाणे औषध ठरवतील. दोन्हींवरची औषधं वेगवेगळी आहेत. बुरशी असताना नुसतं अँटिबायोटिक दिलं तर ती आणखी वाढते. मेडिकलच्या दुकानातून परस्पर औषध आणू नका असं मी म्हणते ते यासाठीच.

आणि पिल्लाला श्वास घ्यायला त्रास होत असेल, अंग गार पडलं असेल, पायावर उभं राहता येत नसेल किंवा ते उलटी करत असेल, तर ठरलेल्या वेळेची वाट बघू नका. तडक निघा.

औषध सुरू झालं, पिशवी रिकामी व्हायला लागली की भरवणं पुन्हा सुरू होईल. खरी परीक्षा त्या दिवसांची आहे. बहुतेक वेळा पिशवी बिघडते ती भरवण्याच्या पद्धतीमुळेच, आणि दुकानदार ती पद्धत नीट सांगत नाहीत.

सगळ्यात आधी तापमान. तयार फॉर्म्युला ३९ ते ४१ अंश सेल्सिअस असायला हवा. त्याहून गार असला तर पिल्लू तोंड फिरवतं आणि घेतलं तरी पिशवी मंदावते. ४३ च्या पुढे गेला तर पिशवी आतून भाजते, आणि भाजल्याचं काही दिवसांनी कळतं, जेव्हा गळ्यावर खपली धरते आणि तिथून अन्न झिरपायला लागतं. मनगटावर थेंब टाकून हा दोन अंशांचा फरक कळत नाही. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो आजच मागवा. मायक्रोवेव्ह वापरू नका, त्यात एक भाग कोमट तर एक भाग चटका देणारा राहतो. पाणी उकळून निववा, त्यात पावडर कालवा, वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ढवळत राहा आणि भरवायच्या क्षणी पुन्हा मोजा. सिरिंजमध्ये भरलेला फॉर्म्युला बघता बघता निवतो, त्यामुळे एकदम भरून ठेवू नका.

पावडर आणि पाण्याचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. लवकर वाढावं म्हणून घट्ट करू नका. आजारातून उठताना पहिले काही वेळा डॉक्टर नेहमीपेक्षा पातळ द्यायला सांगतील. तयार फॉर्म्युल्यात गुठळी नको, चमच्यातून सलग धार पडली पाहिजे. दर वेळी ताजा कालवा आणि उरलेला टाकून द्या. फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेला फॉर्म्युला हे पिशवी आंबण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. दुकानदाराने पावडर सुटी, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिली असेल तर ती टाकून द्या. तारीख छापलेलं बंद पाकीट घ्या आणि उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघडी पावडर भराभर खराब होते. सिरिंज, चमचा, वाटी दर वेळी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

किती द्यायचं हे वजनावरून ठरवा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि रोज सकाळी, पहिल्या भरवण्याआधी, पिल्लाचं वजन करून लिहून ठेवा. एका वेळी वजनाच्या साधारण दहा टक्के, म्हणजे ९० ग्रॅमच्या पिल्लाला ९ मिली. आजारानंतर सुरुवातीला याहून कमी, पण जास्त वेळा, आणि ते प्रमाण तुमचे डॉक्टर सांगतील. निरोगी असताना या वयाला दिवसातून तीन-चार वेळा पुरतं. पण घड्याळावर विसंबू नका. आधीचं पिशवीतून बऱ्यापैकी खाली गेलं असेल तरच पुढचं द्या, आणि चोवीस तासांत एकदा तरी पिशवी पूर्ण रिकामी झालीच पाहिजे. वजन सलग दोन दिवस घसरलं तर डॉक्टरांना कळवा.

भरवताना पिल्लाला टॉवेलवर सपाट जागी उभं करा. हवेत उचलून धरू नका. चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांना बोटाने हलकेच स्पर्श केलात की भुकेलं पिल्लू मान हलवायला लागतं. ही त्याची परवानगी समजा. सिरिंज त्याच्या डाव्या बाजूने चोचीत धरून टोक उजवीकडे वळवा, कारण अन्ननलिका उजव्या अंगाने खाली जाते. मान हलतेय तोवरच दट्ट्या दाबायचा, मान थांबली की हातही थांबवायचा.

खरं सांगायचं तर तुमच्यासारख्या पहिल्यांदाच भरवणाऱ्या घरासाठी मला सिरिंजपेक्षा चमचा जास्त पसंत आहे. स्टीलचा लहान चमचा घेऊन त्याच्या दोन्ही कडा पक्कडीने वर वाकवायच्या, म्हणजे बाळाला पाजायच्या बोंडल्यासारखं निमुळतं तोंड तयार होतं. चमच्याने वेळ जास्त लागतो, सांडतंही खूप, पण किती आणि कधी गिळायचं ते पिल्लू ठरवतं. सिरिंजला घाबरलेली पिल्लं पुष्कळदा चमच्याला लगेच तोंड लावतात. तुमच्या पिल्लाला आता सिरिंज दिसली तरी भीती वाटत असणार, त्यामुळे बरं झाल्यावर चमच्यानेच सुरुवात करा. भरवून झालं की चोच आणि गळा कोमट ओल्या कापडाने पुसा. वाळलेला फॉर्म्युला पिसांत चिकटून राहिला तर खालची कातडी सोलवटते.

पिल्लू मोठं होत असतानाही फॉर्म्युला नाकारतं, आणि ते अगदी निराळं. सन कॉन्युअर साधारण आठ ते दहा आठवड्यांत स्वतः खायला लागतात. त्या सुमारास सिरिंज ढकलून देणं, उडायचा प्रयत्न करणं, दिसेल त्यावर चोच मारणं, वजन थोडं उतरणं, हे सगळं वाढीचंच लक्षण. पण तेव्हा पिशवी रिकामी असते आणि पिल्लू घरभर धिंगाणा घालत असतं. तुमचं पिल्लू भरल्या पिशवीने डोळे मिटून बसलंय, म्हणून मी त्याला आजारी म्हणते. पुढे तो टप्पा आला की उकडलेल्या मक्याचे दाणे, किसलेलं गाजर, मऊ शिजवलेली कडधान्यं, बारीक बिया समोर ठेवायच्या आणि फॉर्म्युला एकेक वेळ कमी करत जायचा. एकदम बंद करायचा नाही.

‘हाताने भरवलंत तर जन्मभर खांद्यावर बसेल’ हे वाक्य मी किती घरांतून ऐकलंय! ते ऐकून लोक पिसंही पुरती न उगवलेली पिल्लं घरी नेतात, आणि त्यांतली कित्येक पहिल्याच आठवड्यात जातात. हे मला फार लागतं. स्वतः खायला शिकलेला पोपटही रोज प्रेमाने, धीराने वागवला की तितकाच माणसाळतो. त्यासाठी अनुभव नसलेल्या घरात सिरिंजवरचं पिल्लू देण्याची काहीही गरज नाही, आणि माझ्या मते असं देणाऱ्या दुकानदाराने निदान भरवायची पद्धत, थर्मामीटर आणि डॉक्टरांचा नंबर सोबत द्यायलाच हवा. दुकानात जाऊन भांडा असं मी सांगणार नाही, तुमचा आजचा वेळ मोलाचा आहे. पण पिल्लू बदलून देतो असं ते म्हणाले तर आजारी पिल्लू परत करू नका, तिथे त्याच्यावर उपचार होतीलच याची खात्री नाही. खरेदीची पावती मात्र मागून घ्या. सन कॉन्युअर हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींमध्ये येतो आणि २०२४ च्या नियमांनुसार असे परदेशी पक्षी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. पिल्लू सावरलं की ते काम उरकून घ्या.

इथेच इतर वाचकांसाठीही लिहिते, कारण ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी किंवा जुन्या पर्जन्यवृक्षांच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हा प्रसंग येतो. तुमच्या हातातलं पिल्लू आपल्या देशी हिरव्या पोपटाचं असेल, ढोलीतून पडलेलं किंवा कुणी विकायला आणलेलं, तर ते पाळता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं, तिन्ही गुन्हे आहेत. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि त्यांची माणसं येईपर्यंत पिल्लाला वर सांगितलं तसं उबेत, अंधारात, शांत ठेवा. कायद्याच्या भीतीने लपवून घरीच डाळ-मिरची भरवत बसू नका. पिल्लू धडधाकट असेल आणि ढोली हाताशी असेल तर परत आई-बापांजवळ ठेवणं सगळ्यात चांगलं. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देतात हा गैरसमज आहे.

तुमच्याकडे वळते. घरात वयस्कर सासूबाई आणि मुलगा आहे, त्यामुळे पिल्लाला हाताळल्यावर, खोकं साफ केल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवा, आणि पिल्लाचं तोंड आपल्या तोंडाजवळ नेऊ नका. पोपटांपासून माणसाला सिटॅकोसिस नावाचा आजार होऊ शकतो. येत्या काही आठवड्यांत घरात कुणाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला आला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरात नवीन पोपट आणलाय’ हे सांगायला विसरू नका. त्यावर औषध आहे, फक्त डॉक्टरांच्या मनात ती शंका यायला हवी.

आणि मुलगा. त्याला आज जवळ बसवून स्पष्ट सांगा की त्याचं काहीही चुकलेलं नाही. ज्या पिल्लाला अजून भावंडांच्या उबेत असायला हवं होतं ते आपल्या घरी आलं, त्याची काळजी कशी घ्यायची हे कुणी नीट शिकवलं नाही, एवढंच. ‘ते नक्की बरं होईल’ असं वचन मात्र देऊ नका. पिशवी थांबलेली पिल्लं वेळेत उपचार मिळाले तर पुष्कळदा वाचतात, पण सगळी वाचत नाहीत. अकरा वर्षांचं पोर हे समजू शकतं, त्याच्याशी खोटं बोललं गेलं तर मात्र ते त्याला कायमचं लक्षात राहतं. त्याला डॉक्टरांकडे सोबत न्या. थर्मामीटर बघणं, रोज सकाळी वजन करून वहीत लिहिणं, भरवायच्या आधी पिशवी किती रिकामी झाली ते नोंदवणं, ही कामं त्याची. चमचा हातात घेणं अजून काही दिवस तुमच्याकडेच राहू द्या.

लळ्याचं विचारलंत. इतक्या लहान पिल्लाला आवड-नावड कळायच्या आधी ऊब कळते. ती त्याला तुमच्याकडून मिळू द्या, पुढचं आपोआप होईल.

डॉक्टरांकडून आल्यावर मला तीन गोष्टी लिहा. आजचं वजन किती भरलं, पिशवीच्या नमुन्यात काय निघालं, आणि उद्या पहाटे पिशवी रिकामी झाली का. पहिल्या चमच्यापासून पुढचं वेळापत्रक त्यावरून, तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याला धरून, आपण बसवू.